खोडलेली ओळ

तो कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. रेघी वहीचं पान, एका कडेला फाडताना राहिलेली दातेरी किनार. पेन्सिलीने एक ते बावीस आकडे घातलेत आणि प्रत्येक आकड्यापुढे कॉलेजचं नाव आणि शाखा. अक्षर वळणदार, एकसारखं. पहिल्या ओळीत आज 'कॉम्प्युटर' वाचता येतं, पुढे आमच्यापासून तासाभरावरच्या एका कॉलेजचं नाव. पण पान खिडकीपाशी तिरपं धरलं की त्या अक्षरांच्या खाली आधीच्या अक्षरांचे दाबलेले चर दिसतात. 'पुणे', आणि त्यापुढे 'सिव्हिल'.

२०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या माण-खटावात पावसाळ्यात पावसापेक्षा वाराच जास्त. कॉम्प्युटर लॅबच्या खिडक्या दिवसभर आपटत होत्या. बारावी आणि सीईटी झालेल्या मुलांचे इंजिनिअरिंग प्रवेशाचे पसंतीक्रम भरायचे दिवस. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते, आणि गेली बरीच वर्षं या दिवसांत लॅबमध्ये एक टेबल टाकून बसते. आधी आमच्याच मुलांसाठी बसायचे, आता आजूबाजूच्या गावांतूनही माणसं येतात. त्या दिवशी संध्याकाळी पाचची मुदत होती, साइट मधूनमधून अडकत होती, आणि बाकावर सात-आठ पालक मांडीवर फायली घेऊन बसले होते. ती मुलगी वडिलांबरोबर आली. आमचीच विद्यार्थिनी, नव्वद पर्सेंटाइलच्या आसपास. तिने पान माझ्यापुढे ठेवलं. मी वाचायच्या आधीच तिचे वडील वाकले, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्ये कशाला वर? पुण्याचं आपल्याला मिळणार न्हाय. आन् मिळालं तरी ऱ्हानार कुटं तू? आन् शिवील घिऊन करणार काय, समदी कॉम्प्युटर म्हणत्यात." मग तिच्या कंपासपेटीतला खोडरबर त्यांनी स्वतः उचलला आणि ती ओळ पुसली. सावकाश, नीट, कागद फाटणार नाही अशा बेताने. पुसून झाल्यावर कागदावर फुंकर मारली. रबराचे बारीक काळे कण माझ्या कीबोर्डवर येऊन पडले. ती काही बोलली नाही. पेन्सिल घेतली आणि ते सांगतील ते, त्याच वळणदार अक्षरात, त्या जागी लिहिलं.

मीही काही बोलले नाही.

मला बोलता आलं असतं. बोलायला हवं ते मला माहीत होतं, कारण त्याच आठवड्यात मी वीसेक पालकांना तेच समजावलं होतं. आपल्याकडे एक घट्ट समज आहे, की वरच्या ओळीत न मिळणारं कॉलेज लिहिलं तर ती ओळ वाया जाते, आणि आपण मागे पडतो. तसं होत नाही. गुणवत्ता यादीतली नावं एकामागून एक पुकारली जातात असं समजा. तुमची पाळी आली की यंत्रणा तुमचा कागद हातात घेते आणि वरून खाली वाचत जाते. पहिल्या ओळीतली जागा शिल्लक आहे? नाही. दुसरी? नाही. तिसरी आहे, मग तिथे थांबते. तुमची पाळी तुमच्या गुणांनी ठरते, कागदावर काय लिहिलंय त्याने नाही. वर कितीही अवघड कॉलेजं लिहिली तरी खालची जागा तुमच्या हातून जात नाही. इंजिनिअरिंगच्या फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पसंती देता येतात, त्या याचसाठी. सांभाळायचं ते त्या वर्षी एवढंच होतं, की पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर ती घ्यावी लागायची, पुढच्या फेऱ्यांत बसता यायचं नाही. म्हणजे पहिल्या ओळीत खरोखर सगळ्यात हवं तेच पाहिजे. सगळा नियम एका पोराला मनापासून काय हवंय ते क्रमाने लिहायला सांगतो, आणि आमच्या टेबलाशी बसून माणसं तो कागद भीतीच्या क्रमाने भरतात. हे मी त्या बापाला सांगितलं नाही. मागे बाक भरलेला होता, पाच वाजत आले होते, हे खरं. पण तेवढंच कारण नव्हतं.

त्यांचे हात मी बघितले होते. उजव्या हाताच्या बोटांची टोकं पिवळट, नखांच्या कडा खाल्ल्यासारख्या. नायट्रिक ॲसिड कातडीवर पडलं की तसा रंग चढतो, तो धुऊन जात नाही, कातडीच बदलावी लागते. गलाईवाल्याचे हात. आमच्याकडे गावोगाव अशी घरं आहेत, ज्यांची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेलेली. कुठल्याही मोठ्या गावाच्या सराफ बाजारात मागच्या गल्लीत गेलं तर माणदेशी बोली ऐकू येते. हे गृहस्थ चौदाव्या वर्षी मामाबरोबर कोईमतूरला गेले. हे त्यांनीच मला एकदा पालकसभेनंतर सांगितलं होतं. आठवीची सहामाही झाली, आणि दुसऱ्या दिवशी मामा न्यायला आला. भाषा कळत नाही, भात उतरत नाही, रात्री भट्टीशेजारीच झोपायचं. "कुनी इचारलं न्हाय बगा, जातू का म्हनून," असं म्हणाले होते, तक्रारीचा सूर नव्हता त्यात. चाळिशीला छाती धरायला लागली तेव्हा परत आले, दोन म्हशी घेतल्या. त्या माणसाने 'ऱ्हानार कुटं तू' म्हटलं, तेव्हा त्यात पुण्याच्या खोलीचं भाडं होतंच, पण ती भट्टीशेजारची रात्रही होती. मला ती ऐकू आली. म्हणून माझी जीभ उचलली नाही.

आणि आणखी एक.

१९९१ साली माझी बारावी झाली. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. मला कोल्हापूरला ॲग्रीला जायचं होतं. का, ते आज नीट सांगता येणार नाही; आमच्या शाळेत एकदा कृषी सहायक बाई आल्या होत्या, त्यांनी हातात माती घेऊन तिचा गोळा करून दाखवला होता, आणि तो गोळा फुटला कसा यावरून त्या मातीचं सगळं सांगत गेल्या. मला ते फार आवडलं होतं. निकाल लागल्यावर वडिलांनी एक दिवसाची रजा टाकली, मला घेऊन कऱ्हाडला गेले. सीटवर शेजारी बसले, एरवी मी त्यांना गाडीत उभंच बघितलेलं. कॉलेजच्या खिडकीवर फॉर्म घेतला, खिशातलं पेन काढलं आणि भिंतीला कागद टेकवून त्यांच्या सुंदर अक्षरात सगळा फॉर्म भरला. माझं नाव, माझी जन्मतारीख, माझी शाखा. बी.एस्सी. शेवटी सहीपुरतं पेन माझ्याकडे दिलं. कऱ्हाडात आत्याचं घर होतं, त्यामुळे राहायचा खर्च नव्हता. कोल्हापूरचा विषय निघालाच नाही, मीही काढला नाही. परत येताना त्यांनी स्टँडवर मला उसाचा रस पाजला.

मी दुःखी झाले का? पहिलं वर्ष झाले. दुसऱ्या वर्षी एका दुपारी स्पेक्ट्रोमीटरवर सोडियमचा दिवा लावला होता, ग्रेटिंग सारखं करता करता दुर्बिणीतली जाड पिवळी रेघ अचानक दोन रेघांत फुटली. शेजारी शेजारी, केसभर अंतर ठेवून. ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर, हे आकडे मला पाठ होते, पण त्या दिवशी ते डोळ्यांना दिसले. मी तास संपला तरी तिथेच उभी होते. तेव्हापासून फिजिक्स माझं झालं. वडिलांनी भिंतीला टेकवून भरलेल्या त्या फॉर्मवर माझं आजचं सगळं घर उभं आहे. तेव्हा खोडरबर हातात घेतलेल्या बापाला 'तुम्ही चुकताय' म्हणायला मी तोंड कसं उघडावं? आणि तरीही, ओल्या मातीचा गोळा करून बोटांनी फोडायची सवय माझी अजून गेलेली नाही.

या टेबलाशी बसायला लागल्यापासून मला कळलं, की प्रवेश ठरतो त्या पाच वाजायच्या मुदतीच्या आधी, फार आधी, कुठल्या कुठल्या कपाटांत आणि दप्तरांत. एकदा एक धनगर कुटुंब आलं होतं. मुलगा हुशार, कागदपत्रांच्या फाईलला दोन रबरबँड लावलेले. सगळं होतं, जातीचा दाखला, उत्पन्नाचा, प्रांताच्या सहीचं नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाइल. जातवैधता, म्हणजे तो जातीचा दाखला खरा असल्याचं समितीचं प्रमाणपत्र, तेवढं नव्हतं. भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि मुलाचा आजोबा शाळेतच गेलेला नव्हता, मेंढरांमागे कोकणात उतरायचा नि परत यायचा. शेवटी आजोबाच्या चुलतभावाचं नाव सापडलं, तीन गावं ओलांडून एका जिल्हा परिषदेच्या शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात. तो दोन वर्षं शाळेत बसला होता म्हणून. हेडमास्तरांनी ते रजिस्टर टेबलावर उघडलं तेव्हा मी तिथे होते. पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली, आणि नेमकी ती ओळ शाबूत. मुलाचा बाप त्या नावावरून बोट फिरवत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं, तरी फिरवत राहिला. त्या वर्षी वैधता वेळेत आली नाही. मुलाने खुल्या जागेतून मिळालं ते घेतलं. तेव्हापासून मी अकरावीच्या पहिल्या पालकसभेत दुसरं काही बोलायच्या आधी हेच बोलते, की आजच घरी जाऊन पेट्या उघडा. आजोबाचा दाखला, पणजोबाची जन्ममृत्यूची नोंद, चुलत्यांकडे कुणाची वैधता झाली असेल तर तिची प्रत. नोंद मोडी लिपीत असेल तर वाचणारा शोधावा लागतो, त्याला वेळ लागतो. पालक मान डोलावतात. बारावीच्या जूनपर्यंत त्यातले निम्मे पुन्हा येतात, रिकाम्या हाताने, आणि त्यांचा राग धरवत नाही, कारण मधल्या दोन वर्षांत त्यांनी क्लासची फी कुठून आणायची यातच दिवस काढलेले असतात.

पर्सेंटाइलचंही तसंच. पंच्याऐंशी पर्सेंटाइल म्हणजे पंच्याऐंशी टक्के मार्क नव्हेत, शंभरातली पंच्याऐंशी मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत असा त्याचा अर्थ, हे मी फळ्यावर मुलं उभी करून दाखवते. कटऑफच्या यादीतली ती अक्षरं उलगडून सांगते. पुढचं 'एल' म्हणजे मुलींसाठीची जागा, शेवटचं 'एच' म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांची, 'एस' म्हणजे सगळ्या राज्याची. 'टीएफडब्ल्यूएस' लिहिलं असेल तर शिकवणी शुल्क माफ, पण ती वेगळी पसंती म्हणून भरावी लागते. हे सगळं शिकता येतं, शिकवता येतं. कुणी शहरातून येऊन याच गोष्टींचे हजारो रुपये घेऊन जातो तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण यातलं काहीही गुपित नाही. कुणीतरी शेजारी बसून सांगायला पाहिजे, एवढंच.

त्याच २०२४ च्या जुलैमध्ये सरकारचा निर्णय निघाला होता. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ, आधी निम्मं होतं. मी लॅबच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून लावलं होतं. त्या मुलीच्या वडिलांनी ते आत येताना वाचलं होतं, मला विचारलंही, "म्हंजे फी न्हायच का?" मी म्हटलं, "कॅपच्या, म्हणजे या सरकारी प्रवेशाच्या फेरीतून प्रवेश घेतला तर नाही." ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं होतं, आता पुण्याचं नाव राहील. पण फी गेली तरी पुणे तिथेच राहिलं, तेवढंच लांब.

तिला पहिल्या फेरीत चौथ्या ओळीतलं कॉम्प्युटर लागलं. दिवाळीच्या सुट्टीत ती भेटायला आली, घरच्या चकल्या घेऊन. केस कापलेले, बोलण्यात मोकळी झालेली. "चांगलं चाललंय मॅडम," म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. प्रोग्रॅम चालला की कसं वाटतं ते सांगताना तिचे हात हलत होते. मग निघताना, चप्पल घालता घालता म्हणाली, "मॅडम, आमच्या गावच्या ओढ्याला जिहे-कठापूरच्या उपसा योजनेचं पाणी येणार म्हणतात. एवढं वर कसं चढवत असतील ओ? एका दमात तर नाही चढणार." मी म्हटलं, टप्प्याटप्प्याने उचलतात. "हां, तेच," ती म्हणाली, "मी लहान होते तेव्हा पप्पांनी मला ते पाइप दाखवायला नेलं होतं. मी आत उभी राहिले होते, पूर्ण." आणि तिने डोक्यावर हात नेऊन त्या पाइपाची उंची दाखवली. ती गेल्यावर मी खणातून तो कागद काढला आणि पहिल्यांदा तिरपा धरून बघितला.

२०२५ च्या मेमध्ये दहावीचा निकाल लागला. त्या वर्षीपासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. आधी ते मोठ्या शहरांपुरते होते, आमच्याकडे हेडमास्तरांना भेटून नाव घातलं की झालं. त्यामुळे लॅबमध्ये गर्दी लवकरच सुरू झाली. दहा कॉलेजांची यादी द्यायची, भाग एक, भाग दोन, ओटीपी. शहरातल्या क्लासशी जोडलेल्या इंटिग्रेटेड कॉलेजांचे लोक गावोगाव फिरून गेले होते, पालकांच्या तोंडी 'इंटिग्रेटेड' हा शब्द पोचला होता. एक दिवस दुपारी ते गलाईवाले गृहस्थ दारात उभे. बरोबर धाकटा मुलगा. हा दुसऱ्या शाळेतला, मी त्याला ओळखत नव्हते. सत्तरीतले मार्क. हात खिशात, नजर पंख्याकडे.

ते समोर बसले. या वेळी बाकावर कुणी नव्हतं. काही वेळ लेकीची चौकशी झाली, पहिल्या सेमिस्टरला सगळे विषय सुटले म्हणाले. मग मला म्हणाले, "मॅडम, तवा त्या पोरीला मी इचारलं न्हवतं. घरी गेल्याव कारभारीन बोलली मला, तिला इचारायचं तरी. आमास्नी तरी कुनी इचारलं हुतं, म्हनलं मी. ती म्हनाली, म्हनून तर." एवढं बोलून त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं, टेबलावरचा कोरा कागद मुलापुढे सरकवला आणि पेन त्याच्या हातात दिलं. "लिव्ह. तुला पायजे ते लिव्ह. मी बोलनार न्हाय."

मुलाने पेन धरलं. टोपण काढलं. कागदाकडे बघत राहिला. मी वाट बघितली, बापाने वाट बघितली. खिडकी आपटली. मग त्याने पेन वडिलांकडे परत केलं. "तुमीच लिव्हा पप्पा. मला न्हाय म्हाइत."

बापाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही पुरतं सांगता येत नाही. एवढ्या लांबून चालत येऊन दार उघडावं आणि आत कुणीच नसावं तसं. आणि मला वर्षभर टोचत असलेली ती खोडलेली ओळ वेगळी दिसायला लागली. त्या पोरीकडे निदान पुसण्यासारखं काहीतरी होतं. कुणीतरी तिला एका पाइपात उभं केलं होतं. या पोराला सोळा वर्षांत कुणी काही विचारलंच नव्हतं, आणि आज एका दुपारी, फॉर्मच्या मुदतीला चार दिवस असताना, आम्ही त्याच्या हातात पेन देऊन उत्तर मागत होतो. आठवी-नववीत कधीतरी, निवांत, बांधावर नाहीतर जेवताना विचारायची गोष्ट. शाळेत आम्हीही विचारत नाही. 'मोठेपणी कोण होणार' विचारतो, पोरं कलेक्टर म्हणतात, आम्ही टाळ्या वाजवतो आणि पुढच्या पोराकडे वळतो.

मी कागद उलटा घातला. म्हटलं, "कॉलेजचं राहू दे. मला सांग, गेल्या उन्हाळ्यात असं कधी झालं का, की तू काहीतरी करत होतास आणि आई जेवायला हाका मारत होती, आणि तुला ऐकूच आलं नाही?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे बघायला लागला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "बोरची मोटार भरताना."

"म्हणजे?"

"स्टँडामागं अण्णाचं दुकान हाय, वायंडिंगचं. तिथं जातो मी." आणि तो बोलायला लागला. जळालेली मोटार आली की आधी वास घ्यायचा. मग जुनी तार कापून काढायची, पण काढताना वेढे मोजायचे, एका खाचेत किती, ते चुकलं की सगळं चुकलं. नवीन तांब्याची तार घ्यायची, तिच्यावरचं वार्निश खरवडलं जाऊ द्यायचं नाही, खाचेत कागद घालायचा, मग हाताने एकेक वेढा बसवायचा, बोटाने दाबत दाबत. हे सांगताना त्याने माझ्या टेबलावरची रबरबँड उचलली होती आणि पेनाभोवती वेढे घालत होता, एकाला एक चिकटून, मधे फट न ठेवता. "थ्री फेजची अजून अण्णा मला एकट्याला देत न्हाय," तो म्हणाला. "पन सिंगल फेजच्या अकरा भरल्यात मी. एक पन परत न्हाय आली."

मी मनात पॉलिटेक्निकची तारीख आठवत होते. दहावीवर तीन वर्षांचा डिप्लोमा, इलेक्ट्रिकल, पुढे वाटलं तर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. त्याचे फॉर्म अजून चालू होते. पण मी ते लगेच बोलले नाही, कारण तिचा बाप, त्याचा बाप, खुर्चीत पुढे सरकला होता. पिवळी पडलेली बोटं टेबलाच्या कडेवर होती आणि नजर त्या पेनावरच्या वेढ्यांवर.

"अकरा?" ते म्हणाले. "आपली मागल्या साली जळाली हुती, ती कुनी भरली?"

पोरगा खाली बघून हसला.